संध्याकाळसाठी राखलेलं ऊन

त्याला सगळे गच्ची म्हणत. जित्याजागत्या माणसाला अशी हाक कोण मारतं, पण त्या वीजघरात वॉकीटॉकीवर नावं चालत नसत, कामाची जागा चालायची. मनोऱ्याच्या माथ्याजवळ, तापलेल्या नळ्यांच्या बरीच खाली, लोखंडी कठड्याची एक अरुंद गच्ची होती. तिच्यावर उभं राहून दिवसभर आभाळाकडे बघणं हे त्याचं काम. खाली पाण्याची गाडी घेऊन आरसे धुणारी ती टँकर. वितळलेल्या मिठाच्या दोन अवाढव्य टाक्या सांभाळणारा म्हातारा तो टाकी. पडद्यांसमोर बसून सगळे आरसे हलवणारी तरणीताठी मुलगी ती कंट्रोल. वॉकीवर अहो-जाहोही नव्हतं. बोलणं आखूड हवं म्हणून साहेबांनीच कधीतरी तसं ठरवून दिलं होतं. आता टँकर ही गच्चीची लग्नाची बायको. घरी ती त्याला अहो म्हणायची आणि दिवसभर सगळ्या वीजघराच्या कानांदेखत अरेतुरे करायची. या सवलतीचा तिने पुरेपूर फायदा घेतला होता.

"गच्ची, डबा खाल्लास?"

"खाल्ला."

"भाजी ठेवली असशील."

"टँकर, हे कामाचं बोलणं नाही."

"उपाशी माणसाला ढग दिसत नाहीत. हे कामाचंच आहे."

मग कुठूनतरी टाकीच्या हसण्याचा आवाज यायचा, बंद पडत आलेल्या पंपासारखा, आणि गच्ची तोंड फिरवून पुन्हा आभाळाला लागायचा. त्याला हे सगळं आवडत नाही असं तो दाखवी. पण वॉकीची बॅटरी संपली की त्याचा चेहरा असा उतरायचा, की कंट्रोलने त्याच्यासाठी एक जादा बॅटरी खणात ठेवून दिली होती.

काम तसं कुणालाही समजेल असं होतं. मनोऱ्याभोवती हजारो आरसे गोल गोल पसरलेले, जणू कुणी पाण्यात दगड टाकला आणि लाटा तशाच थिजल्या. प्रत्येक आरसा आपल्या वाट्याचं ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर फेकायचा. तिथल्या नळ्यांतून मीठ वाहायचं, वितळून पाण्यासारखं झालेलं. गार टाकीतून ते वर जायचं, तापून गरम टाकीत उतरायचं, आणि हवं तेव्हा त्याच्यावर पाणी उकळून वाफेने टर्बाइन फिरवायचं. गार टाकी म्हणजे नुसतं म्हणायला गार. तिच्यात बोट बुडवलं असतं तर बोट उरलं नसतं. "माझी गार टाकी आणि तुझी शांत बायको," टाकी गच्चीला म्हणायचा, "दोन्ही एकाच जातीच्या."

ढग आला की पंचाईत व्हायची. धगधगत्या नळ्यांवर एकदम सावली पडली की त्या आकसायच्या, सावली सरली की एकदम फुलायच्या, आणि असं फार वेळा झालं की सांध्यांना भेगा जायच्या. म्हणून ढग पोचण्याआधीच आरसे बाजूला वळवावे लागत. आभाळ बघायला कॅमेरे होते, पण कॅमेऱ्यावर कावळा बसला तरी तो ढग सांगायचा, म्हणून कॅमेऱ्यांच्या जोडीला हा माणूस. तो वरून म्हणायचा, "हटवा." कंट्रोल बटण दाबायची आणि अख्खं रान तोंड फिरवायचं. ढग गेला की आरसे पुन्हा जागेवर यायला वेळ लागायचा, आणि तेवढं ऊन फुकट.

गच्ची जरा जास्तच वेळा हटवा म्हणायचा, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. आधी तो सिनेमा थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. ऐन भरात आलेली रीळ तुटेल, पडदा पांढरा होईल आणि खालून शिट्ट्या सुरू होतील, या धास्तीत त्याची उमेदीची वर्षं गेली होती. रीळ फारशी तुटायची नाही, धास्ती मात्र रोज असायची. थिएटर बंद पडलं, प्रोजेक्टर भंगारात गेला आणि धास्ती तेवढी बरोबर घेऊन तो इथे आला. लग्नकार्याला छत्री नेणारा, गाडी सुटायच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसणारा, कुणी "छान दिवस आहे" म्हटलं की "अजून संपला नाही" म्हणणारा माणूस. नन्नाचा पाढा त्याला इतका पाठ होता की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर यायचं.

अशा माणसाशी लग्न कुणी केलं, तर तिने. आरसे बसवण्याचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. वर्कशॉपच्या मागे चहाचं पाणी तापवायला कुणीतरी खोलगट आरशाची मोठी परात उभी केली होती. तो चहासाठी गेला आणि परातीत त्याला एक बाई उलटी दिसली, डोकं खाली, पाय वर, आणि हसत होती. मागे वळून बघितलं तर तीच बाई सुलटी, तशीच हसत. "तुम्ही उलटे बरे दिसता," ती म्हणाली होती, "तोंडाचे कोपरे वर जातात." पुढे काय झालं ते त्याला नीटसं कधी सांगता आलं नाही. पण "लग्न करता का" हे तिनेच विचारलं होतं आणि त्यावर तो "नाही म्हणत नाही" असं म्हणाला होता. त्याच्या मानाने ही फारच मोठी मजल होती.

आता त्या वीजघरावरच गदा आली होती.

जेवायला बसल्यावर मेहुण्याने विषय काढला. तो घरांच्या छतांवर सोलर पॅनल बसवायचा. धंदा जोरात होता आणि जिभेलाही त्यामुळे धार आली होती.

"दाजी, माझं पॅनल छतावर टाकलं की लागलं कामाला. त्याला मनोरा नको, मीठ नको, वर उभा राहिलेला माणूस नको. ढग आला तरी कण्हतकुंथत चालतं. तुमचे आरसे जरा धुरकट झालं की रुसून बसतात."

"आणि अंधार पडल्यावर तुझं पॅनल काय करतं?" बायकोने विचारलं.

"झोपतं."

"आमचं तेव्हा उठतं."

"म्हणून तर एक संधी मिळतेय ताई तुम्हाला. नाहीतर ते आरसे सलूनवाल्यांना विकायची वेळ आली होती."

मेहुण्याचं खोटं नव्हतं. जिकडेतिकडे पॅनल झाल्यापासून दुपारची वीज कुणी फुकट घेईना. गावाला ओढ लागायची ती दिवेलागणीला, आणि तेव्हा कोळशाचं जुनं वीजघर धूर ओकत उठायचं. ग्रिडच्या ऑफिसने सांगितलं होतं, दिवसा एक युनिटही देऊ नका, सगळं ऊन मिठात ठेवा आणि लागोपाठ दोन संध्याकाळी, सूर्य बुडाल्यापासून लोक झोपेपर्यंत, अख्खं गाव एकट्याने चालवून दाखवा. दोन्ही संध्याकाळी निभावल्या तर वीजघर राहील. एकही चुकली तर आरसे काढून तिथे पॅनल.

गच्चीला खरी धास्ती होती ती निराळ्याच गोष्टीची. पॅनल आले तरी ते धुवायला टँकर लागणारच होता. साहेबांनी तिला तसं सांगूनही ठेवलं होतं. गच्ची मात्र लागणार नव्हती. पॅनलला ढगापासून कोण वाचवतं? ती सकाळी कामाला जाईल आणि तो घरात बसेल, आणि डबा खाल्लास का, हे दिवसभर कुणी विचारणार नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणून दोघंही मीठ या विषयावरच बोलत राहिली.

परीक्षेचा पहिला दिवस उजाडला तो असा, की आभाळात डाग नाही. गच्ची वर पोचला आणि अस्वस्थ झाला. ढग दिसला असता तर निदान कुठे बघायचं ते कळलं असतं. आरसे एकेक करून मनोऱ्याकडे वळले, माथा उजळला, आणि त्या पांढऱ्या धगीखाली उभा राहून तो क्षितिज चाळत राहिला. सकाळभर हटवा म्हणायची वेळच आली नाही. त्याच्या जिभेला खाज सुटली.

ऊन डोक्यावरून जरा कललं असेल नसेल, तेवढ्यात वॉकीवर टाकीचा आवाज आला, घाबराघुबरा.

"कंट्रोल, गरम टाकी भरली."

"शक्य नाही. संध्याकाळपर्यंत जेमतेम अर्धी व्हायची होती."

"काठोकाठ भरली म्हणतोय. गार टाकीत वर पाठवायला मीठ उरलं नाही. थांबव."

"हटवते," कंट्रोल म्हणाली, आणि भर उन्हात, निरभ्र आभाळाखाली, हजारो आरशांनी तोंडं फिरवली. मनोऱ्याचा माथा विझला. सूर्य डोक्यावर आणि कुणाला तो नको, हे गच्चीने कधी पाहिलं नव्हतं.

मग टाकी म्हणाला, "एक सांगायचंय. काट्यावर शून्य दिसतं ना, त्याच्या खाली हातभर गरम मीठ मी नेहमी ठेवून असतो. कुणाला बोललो नव्हतो. वेळप्रसंगाला असू दे म्हणून. या आठवड्यात जरा जास्तच ठेवलं."

"म्हणजे सकाळी टाकी रिकामी नव्हती?"

"नव्हती."

कंट्रोल घुटमळली. "मग माझंही ऐका. मी चार दिवस टर्बाइन लवकर थांबवत होते. व्हॉल्व्ह कुरकुर करतोय असं लिहिलं. व्हॉल्व्ह ठणठणीत आहे."

"मी पार कुंपणापर्यंतच्या रांगा दोनदोनदा धुतल्या," टँकर म्हणाली. "पाणी संपलं म्हणाले तेव्हा संपलं नव्हतं. आरसे इतके लख्ख आहेत की चिमण्या त्यांच्यावर आपटतायत. गच्ची, तू काय केलंस?"

गच्चीने घसा खाकरला. "मी आज ऊन कमी पडेल असं सांगितलं होतं."

"किती कमी?"

"चांगलं चतकोर."

"तरीच," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तीच हसली. मग टाकीचा पंप सुरू झाला, मग कंट्रोल. वॉकीवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, पण हसण्याला तसं वळण नसतं. सगळ्यांचं हसू एकमेकांत अडकून एक विचित्र किंकाळी झाली आणि ती सगळ्या रानावर, सगळ्यांच्या कमरेला लटकलेल्या डब्यांतून, वाजत राहिली. प्रत्येकाने आपापल्या भीतीपोटी थोडं थोडं लपवलं होतं. भीती जमा करून करून त्यांनी टाकी भरून टाकली होती.

आणि नेमक्या त्याच वेळी ग्रिडबाई फाटकातून आत आल्या.

ग्रिडच्या ऑफिसातून परीक्षा घ्यायला आलेल्या या बाई बारीक, शांत, उन्हाची टोपी घातलेल्या. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, पाठ फिरवलेल्या आरशांकडे पाहिलं, साहेबांच्या कमरेच्या हसणाऱ्या वॉकीकडे पाहिलं आणि विचारलं, "बंद पडलंय का?"

"जास्त झालंय," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारलं असावं, कारण त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

सगळा प्रकार ऐकल्यावर बाई हसल्या नाहीत, पण खुर्ची ओढून बसल्या. कंट्रोलच्या खोलीतलं बोलणं वॉकीच्या दाबून धरलेल्या बटणातून गच्चीला वर ऐकू येत होतं. बटण कंट्रोलने मुद्दाम दाबून धरलं होतं, हे नंतर तिने नाकारलं.

"एवढ्या मिठात गाव किती वेळ चालेल?"

"झोपेपर्यंत चालून अर्धं उरेल," साहेब म्हणाले. "उद्या ढग आले तरी दुसरी संध्याकाळ त्या अर्ध्यावर निघेल. म्हणजे आपण पास."

"पास व्हाल," बाई म्हणाल्या. "पण खरं सांगू? झोपेपर्यंतचं काम आता बॅटऱ्या करायला लागल्यात. दर वर्षी स्वस्त होतायत. तेवढंच करणार असाल तर दोन-तीन वर्षांनी मला पुन्हा यावं लागेल, आणि तेव्हा हीच परीक्षा पुरणार नाही. मला अडचण आहे ती अख्ख्या रात्रीची. लोक झोपल्यावरही दवाखाने असतात, पाण्याचे पंप असतात, रात्रपाळ्या असतात. त्या थोड्याशा विजेसाठी कोळशाची भट्टी रात्रभर तेवत ठेवावी लागते. ही टाकी आज रात्रभर, उद्या सकाळी पॅनल जागे होईपर्यंत चालली, तर ती भट्टी विझवा असं मी लिहू शकते."

"आणि उद्याची संध्याकाळ?"

"उद्याची संध्याकाळ उद्याच्या उन्हावर. नियम मला बदलता येत नाही. ती चुकली तर चुकली."

मग साहेबांनी ते केलं जे साहेब लोक अशा वेळी करतात. "गच्ची," ते वॉकीत म्हणाले, "उद्या ऊन आहे?"

अख्खं वीजघर कान देऊन उभं राहिलं, आणि उत्तर काय येणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

गच्चीने पश्चिमेकडे पाहिलं. तिथे, फार वर, विंचरलेल्या केसांसारखे पांढरे धागे दिसत होते. त्यांच्यातून काही निघेल किंवा निघणारही नाही. कॅमेऱ्यांच्या मागे बसलेल्या हवामानवाल्यांनीही अर्धं-अर्धं असंच कळवलं होतं. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं की टाकी अर्धी राहील, उद्याची संध्याकाळ निघेल, आणि दोन-तीन वर्षं त्याला वर उभं राहता येईल. त्याने पुढची दोन-तीन वर्षं डोळ्यांसमोर आणून पाहिली. त्या वर्षांतली प्रत्येक संध्याकाळ रीळ तुटायची वाट बघण्यात जाताना त्याला दिसली. खाली गोल गोल आरसे पाठमोरे पडले होते, इतकं ऊन न घेता, आणि त्याला एकाएकी ते सगळं भलतंच विनोदी वाटलं. त्याने कठडा पकडला.

"उद्याचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण खर्च करा."

"गच्ची," बायको म्हणाली, "बरं वाटतंय ना तुला?"

"बरं वाटतंय. आपण रात्रीसाठीच आहोत ना? मग रात्रभर चालू दे. साठवून साठवून काय, लोणचं घालायचंय का मिठाचं?"

टाकी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

त्या संध्याकाळी सूर्य बुडाला, टर्बाइन घुमायला लागलं आणि गाव मिठावर उजळलं. गच्चीने मात्र रात्र पाहिलीच नाही. तो घरी गेला, जेवला, आडवा झाला आणि घोरायला लागला. तो घोरतो हे लग्नाला एवढी वर्षं होऊनही बायकोला माहीत नव्हतं, कारण तिच्याआधी त्याला कधी झोपच लागली नव्हती. सकाळी उठवलं तेव्हा तिने सांगितलं, "चाललं. पॅनल उठेपर्यंत चाललं. टाकीत आता घोटभर उरलंय." तो उठून खिडकीशी गेला. बाहेर आभाळ ताकाच्या रंगाचं झालं होतं.

"नाही म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.

"डबा घ्या आणि चला," ती म्हणाली.

सकाळ वाया गेली. आरसे मनोऱ्याकडे बघत होते, पण ऊन असं पातळ की माथा नुसता उजळायचा, तापायचा नाही. "पॅनल कण्हतकुंथत चालतात" हे मेहुण्याचं वाक्य गच्चीच्या कानात पॅनलसारखंच चालू राहिलं. मग तो धूसर पडदा फाटायला लागला आणि ढगांचे तुकडे निघाले, एकामागून एक, मधे मधे झणझणीत ऊन. हटवा. लावा. हटवा. अर्ध्या दुपारी कंट्रोलने सांगितलं की हे असंच चाललं तर संध्याकाळ निभावेल एवढ्या मिठाची रेघ गाठता येणार नाही, कारण अर्धा वेळ आरसे वळण्यातच जातोय.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं आणि टँकर गच्चीवर आली. एवढ्या वर्षांत ती कधी वर आली नव्हती. उंचीवर तिचं डोकं गरगरायचं. दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे अर्धे मिटून ती सरकत सरकत त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"इथे काय करतेस?"

"परीक्षेच्या दिवशी धुवायचं नाही, मग खाली बसून काय करू? अगं बाई, केवढं उंच आहे हो हे. तुम्ही रोज इथे उभे राहता?"

"खाली बघू नकोस. आभाळाकडे बघ."

"आभाळ जास्तच उंच आहे."

एक ढग येत होता, लहानसा, कडा विरलेला. गच्चीने वॉकी तोंडाशी नेला.

"कुठला ढग?" तिने विचारलं.

"तो."

"तो होय? तो काय ढग आहे? जांभई आहे ती कुणाची तरी. राहू द्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग ढगाकडे. मग कंट्रोलला म्हणाला, "राहू दे. फक्त पश्चिमेकडच्या रांगा थोड्या वळव. मीठ जरा हळू सोड."

"नक्की?"

"नक्की नाही. पण राहू दे."

सावली आरशांवरून सरकली, मांजर कपाटावरून जातं तशी, कशालाही धक्का न लावता. माथा जरा मंदावला आणि पुन्हा पेटला. टाकीने कळवलं, नळ्या शाबूत आहेत. पुढच्या ढगाला त्याने अर्धं रान हटवलं. त्याच्या पुढच्याला, जो खरोखरच काळा आणि जाड होता, दोघं एकदमच "हटवा" म्हणाली आणि मग दोघांनाही हसू आवरेना. तिला हसताना उंची आठवायची, मग ती किंचाळून त्याचा दंड धरायची. वॉकीचं बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे खाली कंट्रोलच्या खोलीत ग्रिडबाईंना हे सगळं, ढगांच्या सविस्तर वर्णनासह, ऐकू येत राहिलं. कुठला ढग सासरच्या माणसांसारखा आला, कुठला न जेवताच गेला. बाईंनी आपला चहा गार होऊ दिला.

सूर्य बुडाला तेव्हा कंट्रोलने सांगितलं, "रेघेच्या जरा खाली आहोत."

"टाकी," साहेब म्हणाले, "कुठे काही लपवलंय?"

"आता खरंच नाही," टाकी म्हणाला. पोरका झाल्यासारखा त्याचा आवाज होता.

टर्बाइन घुमू लागलं. नवरा-बायको वरच राहिली. खाली उतरायला तिची छाती होत नव्हती आणि त्याला टाकीजवळ बसवत नव्हतं. समोर गाव उजळलं, खिडकीमागून खिडकी. तिथे आता जेवणं होतील, भांडणं होतील, पोरं अभ्यासाला बसतील, आणि हे सगळं दुपारच्या त्या फाटक्यातुटक्या उन्हावर. त्याला एकेका खिडकीचं ओझं खांद्यावर जाणवायला लागलं. थोड्या वेळाने कंट्रोलचा आवाज आला, जरा चकित झालेला.

"गच्ची, गाव कमी खातंय."

"म्हणजे?"

"ढगांमुळे दिवस तापलाच नाही. कूलर बंद आहेत. पंखेसुद्धा निम्मे."

ज्या ढगांनी दिवसभर ऊन खाल्लं त्यांनीच संध्याकाळी हात दिला, हे गच्चीच्या पचनी पडेना. एवढी वर्षं त्याने ढगांशी नीट ओळखच करून घेतली नव्हती. "पुरेल?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही," टाकी म्हणाला. "काट्याखाली गेलंय. आता मी कान लावून ऐकतोय."

लोकांची झोपायची वेळ होत आली. आणि गावाच्या टोकाची एक खिडकी विझली.

मग शेजारची विझली. मग त्याच गल्लीतल्या चार एकदम. गडद होत होत गाव कडेने विरघळायला लागलं, थिएटरात रीळ तुटायच्या आधी पडद्यावरचं चित्र जळत जायचं तसं.

"संपलं," तो म्हणाला.

"झोपले असतील," ती म्हणाली.

"इतके एकदम?"

"रोज एकदमच झोपतात. तुम्ही कधी बघितलंय का?"

खरंच त्याने कधी बघितलं नव्हतं. सूर्य बुडाला की त्याचं काम संपायचं आणि तो घरी जायचा. आपण पाठवलेली वीज रात्री कशी वापरली जाते आणि कशी निजते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. वॉकीवर विचारायचा त्याला धीर होईना. त्याने नुसतीच एक अंधारी खिडकी पकडून ठेवली, गल्लीच्या कोपऱ्यावरची, मघाशी विझलेली. आता त्याने तिचा दंड धरला होता.

ती खिडकी लागली.

कुणीतरी उठलं होतं. पाणी प्यायला, किंवा चष्मा शोधायला, किंवा रडणाऱ्या पोराला घ्यायला. भिंतीवरचं बटण दाबलं आणि दिवा लागला, इतकंच, आणि त्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही. थोड्या वेळाने दिवा पुन्हा विझला. मग दुसरीकडे एक लागला. गाव अंधारात कूस बदलत होतं, आणि प्रत्येक वेळी वीज हजर होती.

गच्ची खाली बसला. थेट लोखंडी जाळीवर, पाय लांब करून. तो हसतोय की आणखी काही करतोय ते तिला अंधारात कळेना, म्हणून तीही त्याच्याशेजारी बसली, आणि बसताना खाली बघायचं नसतं हे विसरली.

वॉकी खरखरला. आवाज ओळखीचा होता, पण या डब्यातून तो पहिल्यांदाच येत होता.

"गच्ची, मी ग्रिडबाई बोलतेय. मला इथे असंच म्हणतात असं कळलं. वेळ पूर्ण झाली आहे. दोन्ही संध्याकाळी निभावल्या. कोळशाची रात्रीची भट्टी विझवायला मी लिहिते आहे. एखाद्या रात्री पुरेल, एखाद्या रात्री नाही, पण तुम्ही राहाल." मग जरा थांबून, "उद्या ऊन आहे का?"

बायकोने त्याच्या हातातून वॉकी काढून घेतला.

"त्याला काही विचारू नका बाई," ती म्हणाली, "तो हो म्हणेल."